तात्यांसाठी तयार केलेली गाडी

"ही बघ हिची नाकपुडी," हे म्हणाले.

गाडीचं मागचं दार उघडून हे गुडघ्यांवर बसले होते आणि सीटच्या बगलेतली काळी जाळी स्क्रूड्रायव्हरनं उचकटत होते. जाळी निघाली. तिच्यामागून पातळ स्पंजासारखा एक तुकडा आला. त्यावर धूळ होती, मफलरची लोकर होती आणि तात्यांनी वर्षभर सांडलेल्या चुरमुऱ्यांचा भुगा होता. आमची गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. तिची मोठी बॅटरी मागच्या सीटपाशी असते आणि ती तापू नये म्हणून या जाळीतून हवा आत ओढली जाते. जाळी तुंबली की बॅटरी तापते आणि ऐन घाटात गाडी मान टाकते. हे सगळं ज्ञान ह्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मिळवलं होतं आणि आठवडाभर मला जेवतानासुद्धा ऐकवलं होतं.

चुरमुरे कुणी खाल्ले ते आता विचारू नका, असं मी म्हटलं. शेडच्या कोपऱ्यात दोन कांबळी गुंडाळून बसलेले तात्या, म्हणजे माझे सासरे, खोकत खोकत हसले. त्यांच्या नाकात प्लॅस्टिकची नळी होती आणि खुर्चीशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर उभा होता.

आम्ही गलाईवाले. विट्याच्या आसपासच्या गावांतली निम्मी घरं याच धंद्यात. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी आटवायचं, तेजाबात उकळून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध लगड परत करायची. त्यासाठी आमची माणसं मुलूखभर पांगली, कुणी मदुराईला, कुणी गुवाहाटीला. तात्या मिसरूड फुटायच्या वयात श्रीनगरला आले आणि तिथलेच झाले. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मागं पत्र्याची शेड, हा आमचा संसार. जागा हाजीसाहेबांची. ते शेजारीच राहायचे आणि आमच्याकडून दिवाळीचा चिवडा हक्कानं मागून न्यायचे.

बाजारात तात्यांचं नाक प्रसिद्ध होतं. तेजाब उकळायला लागलं की पिवळा-तांबडा धूर निघतो. दुसरे लोक भांड्यावर वाकून वाकून बघत. तात्या मात्र पाठमोरे, गादीवर सराफाशी गप्पा मारत बसलेले असत आणि मध्येच म्हणत, "झालं, काढ." काढलं की झालेलंच असे. आमचे हे, म्हणजे तात्यांचा जालू, त्याच धुरात वाढलेले. ह्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं, भाजी करपली तरी ह्यांना पत्ता नसायचा. आमच्या घरात नाक म्हणावं असं तात्यांचंच, असं हे कौतुकानं सांगायचे.

त्या धुरानं तात्यांची छाती मात्र खाऊन टाकली. त्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की इथला आणखी एक हिवाळा म्हाताऱ्याला झेपणार नाही. विमानानंही नेऊ नका, अशा छातीला ते सोसणार नाही. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत गाडीनं जम्मूला उतरवा आणि तिथून रेल्वेनं गावी न्या. तात्यांनी ऐकलं आणि म्हणाले, मरायचं तर गावातच मरायचं, हितं न्हाय. गावी सासूबाई होत्या, शाळेत जाणारी आमची लेक होती. शनिवारी निघायचं ठरलं.

ही गाडी ह्यांनी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. पेट्रोल कमी खाते, चालताना आवाज करत नाही, म्हणून ह्यांचा तिच्यावर भारी जीव. पण श्रीनगरात तिला हात लावायला कुणी तयार नसे. आमच्या आळीच्या मिस्त्रीनं एकदा बॉनेट उघडून आतल्या जाड नारिंगी वायरी बघितल्या आणि हात जोडून बॉनेट बंद केलं. कंपनीचं वर्कशॉप होतं जम्मूला. म्हणजे घाट उतरण्यासाठी गाडी तयार करायची, तर आधी घाट उतरून न्यायला हवी. तेव्हा ह्यांनी ठरवलं, नारिंगी वायर सोडून बाकी सगळं आपण घरीच करायचं.

आणि केलंही हौसेनं. कूलंटचं गोठू नये असं पाणी बदललं, वायपरची रबरं बदलली, लहान बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. चाकांना बर्फाच्या साखळ्या चढवून, काढून बघितल्या. मलाही चढवायला लावल्या, कारण ह्यांनी मला गाडी शिकवली होती आणि मागच्या वर्षी जम्मूच्या वाटेवर निम्मी मीच चालवली होती. माझी बोटं साखळीत चेमटली तेव्हा हे म्हणाले, आता तू पास.

दुपारनंतर वारा सुटला. शेडचं दार उघडं, त्यामुळे तात्यांना उबळ आली ती थांबेना. मी म्हटलं, तात्यांना वर घेऊन जाते. तात्या तयार होईनात. दिवसभर लेकाशेजारी बसायला मिळत होतं, ते त्यांना सोडवेना. मग ह्यांनीच तोड काढली. शेडचं दार लावून घेतलं, तात्यांना सिलिंडरसकट मागच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या आणि हीटर लावून दिला. घाटात ऊब पुरेल का तेही आत्ताच कळेल, म्हणाले. मी विचारलं, दार बंद आणि गाडी चालू, धूर नाही का होणार? ह्यांनी मला वेड्यात काढलं. ऐक, म्हणाले, इंजिनाचा आवाज येतोय का? खरंच येत नव्हता. बॅटरीवर चालू आहे, इंजिन मध्येच थोडा वेळ लागतं आणि बंद होतं, एवढ्यानं काय होतंय?

मी वर गेले. वाटेसाठी दशम्या करायच्या होत्या, तात्यांची औषधं बांधायची होती. हे एकदा चहाला वर आले. कपाळ दाबत होते. डोकं जड झालंय, म्हणाले, खाली वाकून वाकून. आमच्यात धूर डोक्यात गेला की गूळ खातात. भट्टीवरचा माणूस खिशात गुळाचा खडा ठेवतोच. ह्यांनी डब्यातून आपल्या हातानं खडा घेतला, तोंडात टाकला आणि गेले. मागच्या चाकांवरची माती खरवडून झाली होती, रस्त्यावरच्या मिठानं पत्रा गंजू नये म्हणून खालून ग्रीस लावायचं तेवढं राहिलं होतं. ते झालं की संपलं, म्हणाले.

दशम्या झाल्या, मी त्या फडक्यात बांधल्या. जिन्यावरून दोनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही. बापलेक गप्पांत रंगले असतील असं वाटलं आणि रागही आला, कारण तात्यांची गोळीची वेळ झाली होती.

शेडचं दार उघडलं तर आतली उबदार, घाणेरडी हवा तोंडावर आली. मी ओढणी नाकाला लावली. इंजिन चालू होतं, अगदी हळू. हे गाडीच्या मागच्या बाजूला पोत्यावर आडवे होते, अर्धे गाडीखाली, एक हात ग्रीसच्या डब्यावर. गाल लाल झाले होते. इतके लाल की मला वाटलं, काम करून दमले आणि डोळा लागला. मी पायाला धरून हलवलं. मग दोन्ही पाय धरून ओढलं. गाडीच्या आत तात्या डोळे अर्धे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते.

मी ओरडले तेव्हा हाजीसाहेब आणि त्यांचे भाऊ भिंतीवरून उड्या टाकून आले. त्यांनीच गाडी बंद केली, त्यांनीच दोघांना हॉस्पिटलात नेलं. तात्या संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आले. हे आले नाहीत. वाटेतच गेले होते, की शेडमध्येच, ते मला आजवर कुणी नीट सांगितलं नाही.

तिथला तरुण डॉक्टर माझ्याशी फार सांभाळून बोलला. म्हणाला, बंद जागेत इंजिन चाललं की एक विषारी वायू साठतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, माणसाला कळतच नाही. हे खाली, धुराच्या नळीच्या तोंडाशीच होते. तात्या काचेआड होते आणि त्यांच्या नाकात ऑक्सिजन जात होता, तो त्या वायूवरचा उताराच. ज्या माणसाची छाती निकामी झाली होती, तो वाचला. मला ते ऐकून तात्यांचा राग आला. त्याची लाज वाटली, तरी राग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. विमानं बंद झाली, रस्ताही बंद झाला. आमच्या गलाईवाल्यांत परमुलखात माणूस गेला की वर्गणी काढून त्याला गावी पोचवतात, पण किती दिवस थांबणार? तात्या म्हणाले, हितंच करा. बापानं लेकाला अग्नी दिला. विलास देवकर म्हणून आमच्याच तालुक्यातले एक, पलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, त्यांनी तात्यांना दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं होतं. तात्या रडले नाहीत. त्या दिवसापासून ते कुणाशी बोललेच नाहीत.

रस्ता उघडल्याची खबर आली तेव्हा विलासभाऊ म्हणाले, मी टॅक्सी सांगतो. ती गाडी इथंच राहू द्या, नाहीतर भंगारात घाला. सगळेच तसं म्हणत होते. ना धड विजेची, ना धड पेट्रोलची, माणूस खाल्ला तिनं. मीही तेच म्हणाले असते. पण तात्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"त्याच गाडीनं जायचं," ते म्हणाले. "न्हायतर मी जात न्हाय."

सगळ्यांनी समजावलं. तात्या ढिम्म. गाडीला हात लावायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मी म्हणाले, मी चालवते. नवरा जाऊन आठवडाही झाला नव्हता, सुतकात बाई घाट उतरवणार, यावर लोकांचं काय म्हणणं होतं ते मी ऐकून घेतलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की पुन्हा बर्फ पडला तर रस्ता बंद होणार आणि म्हातारा इथंच जाणार. मग हे कशासाठी गेले? अस्थींचा कलश मी पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला. तात्या मागं बसले, सिलिंडर पायांशी. विलासभाऊ आपल्या गाडीनं पुढं राहिले.

गाडी सुरेख चालत होती, ह्यांनी केलेली कामं एक एक आठवत होती. वायपर काच लख्ख पुसत होते. मी ह्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होते. एक दार, साधं एक दार थोडं किलकिलं ठेवलं असतं तर? मग आठवायचं, की तात्यांना वारा लागू नये म्हणूनच ते लावलं होतं.

काझीगुंड मागं पडलं, चढ लागला आणि जवाहर बोगदा आला. आत ट्रकांची रांग अडकली होती. बोगदा धुरानं भरलेला, पुढच्या गाडीचे दिवे पिवळट दिसत होते. काचा बंद होत्या तरी माझ्या घशात धूर गेला. मी आरशात बघितलं.

"तात्या, वास फार येतोय का? नळी नीट लावून घ्या."

"मला न्हाय येत वास," तात्या म्हणाले.

"बरं झालं मग."

"तसं न्हवं, रंजना. मला वास येतच न्हाय. कैक वर्सं झाली."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, मग तेजाबाचं कसं सांगत होता? ते म्हणाले, उकळी बदलली की आवाज बदलतोय, माझं कान चांगलं हायती. लोकांनी नाक म्हणून डोक्यावर घेतलं, आता कुणाला कशाला सांगायचं, म्हणून गप राहिलो. पोरालाबी न्हाय सांगितलं.

पुढचा ट्रक थोडा हलला. मी गाडी पुढं घेतली.

"जालू खाली निजून गिरीस लावत हुता," तात्या म्हणाले. "मला हाक मारली. म्हणला, तात्या, काच वाईच खाली करा आन् बघा, धुराचा वास येतोय का. माझं नाक चोंदलंय. येत आसला तर दार उघडतो." ते दम घ्यायला थांबले. "मी काच खाली केली, परत वर केली. म्हणलो, न्हाय येत. कर तू तुझं काम."

रांग हलली आणि आम्ही बोगद्याच्या बाहेर पांढऱ्या उजेडात आलो. मी चारी काचा खाली केल्या. धूर जावा म्हणून केल्या असं तेव्हा मनाला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. मला तात्यांना वारा लागायला हवा होता. बर्फावरचं वारं आत घुसलं आणि त्यांना उबळ आली. काच वर कर, असं ते म्हणाले नाहीत. मी बराच वेळ तशीच चालवत राहिले.

मग डॉक्टरचं बोलणं मला आठवलं, आणि म्हातारा मागं खोकत होता. मी म्हणाले, "त्या वायूला वासच नसतो, तात्या. डॉक्टरांनी सांगितलंय. कुणालाच आला नसता."

"वायूला नसंल. धुराला असतोय," तात्या म्हणाले. "तू दार उघडलंस आन् पैली वढणी नाकाला लावलीस. मी काचंतनं बघितलं."

मी आरशात बघितलं, तेव्हा मला दिसलं की नळी त्यांच्या नाकात नाहीच. ती मांडीवर पडली होती. बोगद्याच्या आधीपासून असेल, कदाचित काझीगुंडपासूनही असेल. ओठ निळसर पडले होते. याच गाडीनं जायचं म्हणून ते का अडून बसले होते, ते मला तेव्हा कळलं. गावी पोचायचं त्यांच्या मनातच नव्हतं, लेक गेला त्या गाडीतच त्यांना संपायचं होतं.

मी गाडी कडेला घेऊन थांबवली. उतरून मागचं दार उघडलं. मला त्यांना मारावंसं वाटत होतं आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. मी सिलिंडरची चावी बघितली, ती बंद होती. ती सोडली.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. "जाऊ दे मला त्याच्याकडं."

"ह्यांनी ही गाडी कुणासाठी तयार केली?"

तात्यांनी मान फिरवली.

"सांगा. कुणासाठी केली?"

"माझ्यासाठी," ते म्हणाले, आणि तेव्हा त्यांना रडू फुटलं.

"मग पोचायचं. मला विचारून मरायचं, तात्या, आता घरात दुसरं कुणी नाही."

मी त्यांचा चेहरा हातात धरून नळी नाकात बसवली, कानांमागून घेतली, गळ्याशी घट्ट केली. त्यांचा श्वास नीट चालेपर्यंत तिथंच रस्त्यात उभी राहिले. विलासभाऊ पुढच्या वळणावर थांबून हॉर्न देत होते. मी पुढं येऊन बसले, काचा वर केल्या, हीटर लावला आणि घाट उतरायला लागले.

तात्या गावी पोचले. पुढं सहा हिवाळे जगले. मी गाडी विकली नाही, दर दिवाळीनंतर तिची जाळी काढून धुते. गावात सगळे म्हणायचे, सुनेनं लेकाच्या वरताण केलं. सासूबाईंनाही मी बोगद्यातलं कधी सांगितलं नाही. रोज सकाळी तात्यांच्या नाकात नळी मीच बसवायचे, आणि ते तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचे. कधी मला त्यांची माया यायची, कधी यायची नाही.